पीएसएच्या आकड्याशेजारचा तारा

संपादक महोदय,

साठी उलटलेल्या पुरुषांच्या तपासणी पॅकेजमध्ये साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन यांच्या रांगेत हल्ली पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीची रक्तचाचणीही असते. ज्येष्ठ नागरिकांच्या शिबिरांतही ती सवलतीत करून मिळते. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो: पीएसए ५.८, अक्षरे ठळक, शेजारी तारा आणि पुढे छापलेले '० ते ४'. मग घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. घाबरून त्याच आठवड्यात बायोप्सीची तारीख घेतली जाते, नाहीतर 'या वयात व्हायचंच' म्हणत रिपोर्ट कपाटातल्या फाइलीत जाऊन पडतो. ४ ते १० या पट्ट्यातल्या आकड्याला यातले काहीच लागू नाही. त्याला लागते थोडे गणित, चार प्रश्नांची उत्तरे आणि सहा-आठ आठवड्यांचा धीर. रक्त काढणारे आणि रिपोर्ट छापणारे हे सांगत नाहीत, म्हणून हे पत्र.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथी बनवत असलेले एक प्रथिन. वीर्य पातळ करणे हे त्याचे काम. निरोगी ग्रंथीही ते बनवते, वयोमानाने वाढलेली ग्रंथी जास्त बनवते आणि ग्रंथीला सूज, इजा किंवा कर्करोग झाला की ते रक्तात अधिक पाझरते. म्हणजे ही चाचणी प्रोस्टेटची आहे, कर्करोगाची नव्हे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८६ मध्ये तिला पहिली परवानगी दिली, तीही निदान झालेल्या रुग्णांवर पुढे लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून मान्यता मिळाली १९९४ मध्ये. ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रेघ आजही बहुतेक रिपोर्टांवर छापलेली असते, पण तिच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोका असे काही नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ज्यांचा पीएसए ४ किंवा त्याहून कमी होता अशांचीही बायोप्सी केली गेली. त्यांतल्या साधारण १५ टक्क्यांत कर्करोग सापडला, आणि ३.१ ते ४ या गटात जवळजवळ २७ टक्क्यांत. उलट ४ ते १० या पट्ट्यात बायोप्सी झालेल्यांपैकी ढोबळमानाने चौघांत एकालाच तो निघतो. ३.९ वाल्याने पेढे वाटावेत आणि ४.१ वाल्याने मृत्युपत्र करावे, असा हा प्रकार नाही.

वयाचा हिशेबही त्या '० ते ४' मध्ये नसतो. ब्रिटनमध्ये लघवीची लक्षणे असलेल्या पुरुषाला तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही हे ठरवताना पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५ च्या वर असे वेगवेगळे आकडे धरतात. ऐंशीनंतर निर्णय डॉक्टरांच्या तारतम्यावर सोडतात. या मोजमापाने ७४ वर्षांच्या गृहस्थांचा ५.८ मर्यादेत बसतो, आणि ५२ वर्षांच्या माणसाचा ३.८ बसत नाही. रिपोर्टवर मात्र तारा पहिल्याच्या आकड्याला लागतो, दुसऱ्याच्या नाही.

आता आकडा उगाच वाढवणाऱ्या गोष्टी. सर्वांत मोठे कारण लघवीचा किंवा प्रोस्टेटचा जंतुसंसर्ग. त्यात पीएसए चारवरून पंधरा-वीसवरही जातो. ताप आणि जळजळ चार दिवसांच्या गोळ्यांनी थांबते, पण ग्रंथीची सूज उतरायला आठवडे लागतात. रक्तातला पीएसए दोन-तीन दिवसांत निम्मा होतो खरा, पण सूज आहे तोवर नवा पाझरतच राहतो. म्हणून संसर्ग बरा झाल्यावर किमान सहा आठवडे चाचणी करू नये, आठ झाले तर उत्तम. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांत असा संसर्ग पुष्कळदा फारसा ताप न येता होतो. यासाठी पीएसएच्या सॅम्पलसोबत साधी लघवीची तपासणी करावी, आणि तीत पू-पेशी दिसल्या तर कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून आधी तिकडे बघावे. आपल्याकडे आणखी एक कारण लक्षात ठेवावे लागते, ते म्हणजे क्षयरोग. प्रोस्टेटचा क्षय विरळा असला, तरी तो पीएसए वाढवतो आणि गुदद्वारातून बोटाने तपासताना कर्करोगासारखाच कडक लागतो. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजी औषध मूत्राशयात सोडलेले असेल, तर त्यानेही अशी सूज येते.

लघवी तुंबून नळी टाकावी लागली, मूत्रमार्गातून दुर्बीण घातली, बायोप्सी झाली, तर आकडा वाढणारच. इथेही सहा ते आठ आठवडे थांबावे. रुग्णालयात लघवी तुंबून दाखल झालेल्या माणसाचा पीएसए नळी असतानाच 'एकदाचा करून टाकू' म्हणून पाठवला जातो आणि तो २५ येतो. त्या पंचविसाचा अर्थ लावता येत नाही, घरच्यांचा धीर मात्र सुटतो. लहान गोष्टीही सांगायला हव्यात. वीर्यस्खलनानंतर दोन दिवस पीएसए थोडा चढा राहू शकतो. सायकलवर लांबचा फेरफटका मारणाऱ्यांनीही दोन दिवस विश्रांती घ्यावी. डॉक्टरांनी बोटाने केलेल्या तपासणीने फरक पडतो तो किरकोळ, तरी रक्त आधी द्यावे आणि तपासणी नंतर करून घ्यावी. ही चाचणी उपाशीपोटी करण्याची गरज नाही. त्यासाठी सकाळचा चहा सोडू नये.

खरी फसगत होते ती याच्या उलट बाजूला, तारा नसलेल्या रिपोर्टवर. लघवीची धार बारीक झाली म्हणून असंख्य ज्येष्ठांना टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड यांची एकत्र कॅप्सूल सुरू असते. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन यांचा पीएसएवर परिणाम होत नाही. ड्युटास्टेराइड आणि फिनास्टेराइड ग्रंथी लहान करतात आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणतात. दोन वर्षे ती कॅप्सूल घेणाऱ्याचा रिपोर्ट ३.४ आला, तर तो ६.८ समजायचा. शिवाय या औषधावर असताना आकडा खाली जाऊन स्थिरावायला हवा. त्याने गाठलेल्या नीचांकावरून तो पुन्हा चढू लागला, तर चारच्या खाली असूनही ती धोक्याची सूचना असते. केस गळतात म्हणून घेतलेली १ मिलिग्रॅमची फिनास्टेराइडसुद्धा हेच करते, आणि ती गोळी 'प्रोस्टेटची' नाही म्हणून कोणी सांगत नाही. केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेचे वेगळेच: ते ग्रंथीला काही करत नाही, पण काही यंत्रांच्या रसायनात ढवळाढवळ करून पीएसए खोटा कमी दाखवते. चाचणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवावे. लठ्ठ माणसात रक्ताचे एकूण प्रमाण जास्त असल्याने तेवढाच पीएसए पातळ होऊन आकडा कमी दिसतो, हेही असू द्यावे ध्यानात.

लॅब बदलण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शंकेपोटी सगळे तेच करतात: एका ठिकाणी ५.१ आला, दुसरीकडे ४.१ आला, 'कमी झाला' म्हणून हायसे वाटले. पीएसए मोजणारी यंत्रे दोन वेगळ्या मापांवर बेतलेली आहेत. एक जुने, हायब्रिटेक या कंपनीच्या चाचणीचे, दुसरे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणित माप. दुसऱ्यावर आकडे सुमारे २० ते २५ टक्के कमी येतात. हायब्रिटेकवरचा ४ तिथे साधारण ३.१ च्या आसपास भरतो. म्हणजे वरच्या उदाहरणात कदाचित काहीच बदललेले नसते, फक्त फूटपट्टी बदललेली असते. त्यात एकाच माणसाचा, एकाच यंत्रावरचा पीएसएसुद्धा १५-२० टक्के इकडेतिकडे होतो. म्हणून पुन्हा तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करावी. एकदाच वाढलेला आकडा आला तर बायोप्सी किंवा एमआरआयच्या आधी चाचणी पुन्हा करा, असे अमेरिकी युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे, कारण २५ ते ४० टक्के वेळा दुसऱ्या खेपेला तो मर्यादेत येतो. मधल्या काळात 'पीएसए उतरवण्यासाठी' तीन-चार आठवड्यांचे अँटिबायोटिक देण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. लघवीत संसर्ग नसेल तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. आकडा उतरला तरी तो आपोआप उतरला की औषधाने, हे कळत नाही. कर्करोग नाही हेही सिद्ध होत नाही. जंतू मात्र त्या औषधाला सरावतात, आणि पुढे बायोप्सी करावी लागली तर तेच जंतू तापदायक ठरतात.

दुसऱ्यांदाही आकडा ४ ते १० मध्येच राहिला, तर फ्री पीएसए मागवता येतो. रक्तातला काही पीएसए इतर प्रथिनांना चिकटलेला असतो, काही मोकळा. कर्करोगात मोकळ्याचे प्रमाण कमी होते. १९९८ च्या एका अभ्यासाने ४ ते १० या पट्ट्यासाठी दिलेले आकडे आजही वापरात आहेत: मोकळा पीएसए २५ टक्क्यांहून जास्त असेल तर बायोप्सीत कर्करोग निघण्याची शक्यता ८ टक्के, १० टक्क्यांहून कमी असेल तर ५६ टक्के. मधल्या १५ ते २० टक्क्यांना ती २० टक्के, म्हणजे पुन्हा कुंपणावरच. पीएसए १० च्या वर असेल किंवा संसर्ग चालू असेल, तर हा भागाकार करण्यात अर्थ नाही. इथे एक तांत्रिक अडचण लहान गावांना भोवते. मोकळा पीएसए नाजूक असतो. रक्त दोन-तीन तासांत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) सीरम, म्हणजे वरचा पातळ द्रव, वेगळे केले नाही आणि थंड ठेवले नाही, तर तो विघटित होतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी काढलेले रक्त तसेच ठेवून रात्रीच्या गाडीने शहरात पाठवले, तर मोकळ्याचे प्रमाण खोटे कमी येते आणि जो रिपोर्ट दिलासा द्यायचा तोच घाबरवतो. सॅम्पल देताना 'सीरम इथेच वेगळे करता का' हे विचारण्यात संकोच कसला?

त्याहून स्वस्त आणि बहुतेकांच्या फाइलीत आधीच पडलेले साधन म्हणजे सोनोग्राफीचा रिपोर्ट. त्यात प्रोस्टेटची तीन मापे दिलेली असतात. ती सेंटिमीटरमध्ये घेऊन एकमेकांशी गुणायची आणि ०.५२ ने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे ग्रंथीचे आकारमान मिलिलिटरमध्ये. बहुतेक रिपोर्टांत ते सीसी किंवा ग्रॅम म्हणून तयारच मिळते आणि तिन्हींचा आकडा सारखाच धरतात. आता पीएसएला त्याने भागायचे, की मिळते ती पीएसएची घनता. पीएसए ६.२ आणि ग्रंथी ६२ सीसी असेल तर घनता ०.१०. तोच ६.२, पण ग्रंथी २८ सीसी, तर घनता ०.२२. पहिल्या माणसाची ग्रंथीच मोठी आहे, तिच्या मानाने पीएसए माफक आहे. दुसऱ्याच्या छोट्या ग्रंथीतून एवढा पीएसए येतो आहे, याचा खुलासा हवा. सर्वसाधारणपणे ०.१५ ही सीमा धरतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आकारमान दहा-पंधरा सीसीने सहज चुकते, त्यामुळे ०.१४ आणि ०.१६ यावर वाद घालू नये, ०.०८ आणि ०.२५ यांतला फरक मात्र खरा असतो. आकडा वर्षागणिक किती वेगाने चढतो हेही डॉक्टर बघतात, पण केवळ त्या वेगावर बायोप्सी ठरवणे आता मागे पडले आहे.

एवढे झाल्यावरही शंका राहिली, तर बायोप्सीच्या आधी प्रोस्टेटचा मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा, कारण बायोप्सीने ग्रंथीत झालेला रक्तस्राव पुढचे सहा-आठ आठवडे चित्र बिघडवतो. एमआरआयचा निकाल पाय-रॅड्स या १ ते ५ गुणांत येतो: १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे बायोप्सी करावी, आणि ३ म्हणजे अनिश्चित. या तिसऱ्या पायरीवर वर काढलेली घनता कामी येते. २०१८ च्या 'प्रिसिजन' चाचणीत एमआरआय आधी करणाऱ्या गटातल्या २८ टक्के पुरुषांची बायोप्सी टळली, आणि तरीही गंभीर कर्करोग अधिक सापडले: ३८ टक्के विरुद्ध थेट बायोप्सीच्या गटात २६ टक्के. पेसमेकर असेल तर आधी सांगावे, आणि कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्यावा. पण बोटाच्या तपासणीत कडक गाठ लागली असेल, तर पीएसए कितीही असो, युरॉलॉजिस्टची भेट लांबवू नये. भीड वाटते म्हणून ही दोन मिनिटांची तपासणी नाकारणारे एमआरआयला मात्र लगेच तयार होतात, हे अनाकलनीय आहे.

बायोप्सीत सहसा बारा बारीक तुकडे घेतात, शिवाय एमआरआयमध्ये दिसलेल्या जागेतून आणखी काही. गुदद्वारातून केली तर आतड्यातले जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो; अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून केली तर तो बराच कमी. कोणत्या मार्गाने करणार, हे विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे, स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. नंतर लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त दिसणे अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप आला तर मात्र रात्र काढू नये.

आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर 'ग्लीसन ३+३' (पेशी किती बिघडल्या आहेत त्याचे गुण) आले, तर आभाळ कोसळले असे नाही. हा सर्वांत सौम्य गट. त्यात बहुतेकांना शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवणे हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात १,६४३ पुरुषांना लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागले होते. साधारण १५ वर्षांनंतर, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्यांतल्या सुमारे २.७ टक्क्यांचाच मृत्यू या कर्करोगाने झाला होता आणि तिन्ही गटांत त्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. लघवीवरचा ताबा सुटणे, लैंगिक दुर्बलता, आतड्यांचा त्रास यांत मात्र फरक होता.

म्हणूनच काही लक्षण नसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाची ही चाचणी सरसकट करावी का, हा प्रश्न शिबिर भरवणाऱ्यांनी स्वतःला विचारावा. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक आरोग्य समितीने २०१८ मध्ये ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने-त्याने ठरवावे आणि सत्तरीनंतर सरसकट चाचणी करू नये, असे सांगितले. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले: चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले, म्हणजे ४५६ पुरुषांना चाचणीचे बोलावणे धाडले तेव्हा एक मृत्यू टळला. फायदा खरा आहे, पण तो दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतात. ८१ वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या आजोबांना तो मिळायचा नाही. बायोप्सीचा त्रास मात्र त्याच आठवड्यात मिळेल. वडिलांना किंवा भावाला हा आजार झालेला असेल, घरात बीआरसीए-२ या जनुकाचा दोष असेल, तर गणित बदलते आणि ते पन्नाशीच्याही आधी मांडावे लागते. लघवीत रक्त, कमरेच्या हाडांत न थांबणारे दुखणे, पायांतली ताकद अचानक जाणे, किंवा दहाच्या पट्ट्याबाहेरचे, पन्नास-शंभरातले आकडे असतील, तर वर लिहिलेली सहा-आठ आठवड्यांची सबुरी लागू नाही. पायांतली ताकद गेली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लॅबचालकांना आणि शिबिरांच्या आयोजकांना तीन साध्या विनंत्या. पीएसएच्या फॉर्मवर चार रकाने ठेवा: गेल्या दोन महिन्यांत लघवीचा संसर्ग, नळी किंवा दुर्बीण झाली का, प्रोस्टेटची किंवा केसांची कोणती गोळी चालू आहे आणि केव्हापासून, गेल्या दोन दिवसांत वीर्यस्खलन किंवा लांबवर सायकल, याआधीचा पीएसए किती, कुठल्या लॅबचा. गोळीचे नाव आठवत नाही असे म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी रिकामी स्ट्रिप आणायला सांगा. दुसरे, रिपोर्टवर यंत्राचे नाव आणि माप हायब्रिटेकचे की जागतिक आरोग्य संघटनेचे, हे छापा; ती एका ओळीची जागा आहे. तिसरे, '० ते ४' च्या जागी रुग्णाच्या वयाची मर्यादा द्या, आणि फॉर्मवर ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड लिहिलेले असेल तर आकड्याखाली 'औषधामुळे प्रत्यक्ष पातळी सुमारे दुप्पट समजावी' एवढे वाक्य टाका.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट, कोल्हापूर